डिसेंबरात जाऊन जून कसा पाहायचा: जैसलमेरच्या स्टडी टूरबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाचे ३२ विद्यार्थी डिसेंबरात सहा दिवसांसाठी जैसलमेरला जाणार आहेत. सोबत दोन शिक्षक, आणि विचारणारे पहिल्यांदाच टूरची जबाबदारी घेत आहेत. विषय ठरलाय ‘हवामानाला अनुरूप वास्तुरचना’. पाहायच्या ठिकाणांची यादीही जोडली आहे: किल्ला, किल्ल्यातली जैन मंदिरं, तीन हवेल्या, गडीसर, बडा बाग, कुलधरा, लोद्रवा, सम. एवढं सगळं नीट बसवायचं कसं, आणि नुसती सहल होऊ नये म्हणून मुलांकडून नक्की काय करून घ्यायचं?

तुमची यादी वाचून मला माझी पहिली खेप आठवली. तीन दिवसांत चौदा इमारती. परत आल्यावर शीट्स (रेखाटनांचे मोठे कागद) देखण्या झाल्या, झरोक्यांची, म्हणजे भिंतीबाहेर काढलेल्या कोरीव खिडक्यांची, पेन्सिल रेंडरिंग्ज तर फारच सुंदर. ज्युरीला, म्हणजे काम तपासायच्या तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या एका ज्येष्ठ आर्किटेक्टनी एका मुलीला साधा प्रश्न विचारला, “या घरात पाणी कुठे ठेवायचे?” तिला सांगता येईना. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही सांगता येईना.

तेव्हा पहिलं काम, यादी निम्म्यावर आणा. किल्ला आणि हवेल्या बघायला एक पूर्ण दिवस द्या, तो हवाच. पुढचे तीन दिवस एकाच गल्लीत काढा. पाचवा दिवस शहराबाहेर पाण्यासाठी आणि एका नव्या इमारतीसाठी. सहावा दिवस हातात मोकळा राहू द्या, तो लागतोच. का, ते शेवटी सांगते. समच्या वाळूच्या टेकड्यांवरचा सूर्यास्त मुलं तुम्हाला चुकवू देणार नाहीत, त्याची वेगळी काळजी करू नका.

आता मुख्य अडचण. तुमच्या विषयातच ती दडलेली आहे आणि टूर आखताना बहुतेकांच्या ती लक्षात येत नाही. हे शहर घडलं मे-जूनच्या उन्हाला तोंड देत, आणि तुम्ही जाताय डिसेंबरात. सकाळी जॅकेट घालून, हातावर हात चोळत मुलं गल्लीत उभी राहतील, वर बघतील आणि वहीत लिहितील: ‘अरुंद गल्ल्यांमुळे दिवसभर सावली.’ हे वाक्य मी शेकडो शीट्सवर वाचलंय. डिसेंबरापुरतं ते बरोबरही आहे. जूनच्या बाबतीत निम्म्या गल्ल्यांना ते लागूच पडत नाही.

हिशेब करून बघा, किंवा त्याहून बरं, मुलांकडून जाण्याआधीच करून घ्या. जैसलमेर साधारण २६.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ८६.५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. २१-२२ डिसेंबरला तोच ३९.६ अंशांवर. आता २ मीटर रुंदीची, दोन्ही बाजूंना ८ मीटर उंच सपाट भिंती असलेली पूर्व-पश्चिम गल्ली घ्या. डिसेंबरात भरदुपारी दक्षिणेकडच्या भिंतीची सावली ९ मीटरहून लांब पडते. गल्लीची जमीन पूर्ण सावलीत, आणि समोरच्या भिंतीचाही फक्त वरचा दीडेक मीटरचा पट्टा उन्हात. दिवसभरात जमिनीवर ऊन पडतच नाही. जूनमध्ये मात्र त्याच भिंतीची दुपारची सावली जेमतेम अर्धा मीटर. सूर्य उगवतो ईशान्येला, मावळतो वायव्येला आणि मधला बराच काळ गल्लीच्या रेषेवरच असतो, त्यामुळे मध्यान्हाच्या अलीकडे-पलीकडे चार-चार तास जमिनीच्या कुठल्या ना कुठल्या भागावर ऊन असतं. याच मापाच्या उत्तर-दक्षिण गल्लीत ते जेमतेम दोन तास.

मग पूर्व-पश्चिम गल्ली चुकीची का? नाही. पण हे उत्तर मुलांना लगेच देऊन टाकू नका, एक दिवस डोकं खाजवू द्या. गल्लीला ऊन लागतं, पण त्या गल्लीवरच्या घरांची तोंडं उत्तर-दक्षिण असतात, आणि जूनमध्ये दक्षिणमुखी भिंत सांभाळणं सगळ्यात सोपं. ८६.५ अंशांच्या सूर्यासाठी भिंतीतून ६० सेंटीमीटर बाहेर काढलेला दगडी छज्जा मध्यान्ही खालची जवळपास पावणेदहा मीटर भिंत सावलीत ठेवतो. तोच छज्जा डिसेंबरात फक्त अर्धा मीटर झाकतो आणि हवंहवंसं ऊन आत सोडतो. म्हणजे दगडाचा एक मुका तुकडा दोन ऋतूंत दोन वेगळी कामं करतोय आणि त्याला कुणी हातही लावत नाही. झरोके पुढे काढल्यावर गल्लीवरचं आकाशही निम्मं होतं, तेव्हा वरचा ‘सपाट भिंतीं’चा हिशेब खऱ्या गल्लीत किती बदलतो तेही त्यांना मोजू द्या. इथे विषय खरा उघडतो.

एक छोटी युक्ती आहे, मला ती एका गवंड्यामुळे सुचली. ओळंबा घ्या, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन. छज्ज्याच्या किंवा झरोक्याच्या बाहेरच्या कडेवरून तो खाली सोडा. दोरीच्या आत भिंतीच्या बाजूला जे येईल ते जूनच्या मध्यान्ही सावलीत, बाहेर राहील ते उन्हात. साडेतीन अंशांचा फरक उरतो, म्हणजे मीटरभर खाली गेलात की सहा सेंटीमीटर, तो सोडून दिला तरी चालतो. कुडकुडत उभ्या असलेल्या मुलाच्या हातात एकदम जून येतो. फोनवरची सूर्यमार्ग दाखवणारी अॅप्स वापरायला हरकत नाही, पण ओळंब्यानं जे डोक्यात बसतं ते स्क्रीननं बसत नाही, असा माझा अनुभव आहे.

यात घड्याळाची एक गंमत आहे, ती चुकवू नका. जैसलमेर देशाच्या पश्चिम टोकाला, ७१ अंश रेखांशाच्या जरा अलीकडे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंशांची. त्यामुळे तिथला खरा मध्यान्ह बारा वाजता होत नाही, पाऊण वाजण्याच्या सुमाराला होतो. एका वर्षी आमच्या पोरांनी बरोबर बाराच्या ठोक्याला सावल्या मोजल्या आणि सगळी गल्ली नकाशात काही अंश फिरवून ठेवली. होकायंत्राशी जुळेना तेव्हा त्यांनी होकायंत्रालाच दोष दिला.

डिसेंबरात जे खरोखर अनुभवता येतं ते म्हणजे भिंतींचा संथपणा. दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक तेव्हाही चांगलाच असतो. दोन-तीन इन्फ्रारेड थर्मामीटर न्या आणि सहा-सात जागा ठरवा: गल्लीची फरशी, कोरीव दर्शनी भिंत, तिच्याच शेजारची सपाट भिंत, चौकाची आतली भिंत, तळमजल्यावरची आतली खोली, गच्ची. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी त्याच जागा, तोच मुलगा किंवा तीच मुलगी. माणूस बदलला की जागा सरकते, हे नक्की. ही यंत्रं पृष्ठभागाचं तापमान सांगतात, हवेचं नाही. म्हणून सावलीत टांगलेला एक साधा थर्मामीटरही हवा. साधारण ४५ सेंटीमीटर जाडीच्या दगडी भिंतीतून बाहेरची उष्णतेची लाट आत पोचायला दहाएक तास लागतात. दुपारी तीनची उष्णता आत येते मध्यरात्री एकनंतर. जूनमध्ये त्या वेळी माणसं आत नसतात, गच्चीवर झोपलेली असतात. भिंतीची जाडी आणि माणसाचं अंथरूण यांची ही जोडी कागदावर आणा. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात एवढं सोपं करून कुठे मिळत नाही.

आता मोजमाप. तीन दिवस एक गल्ली, आठ-आठच्या चार तुकड्या, प्रत्येकीला एक घर. लेझर मीटर सगळ्यांकडे असतो आणि तोच घात करतो, कारण मुलं खोलीची लांबी-रुंदी घेतात, कर्ण घेत नाहीत आणि कोपरे काटकोनात धरून मोकळी होतात. त्या शहरात काटकोन दुर्मिळ आहे. आमच्या एका बॅचनं शेजारशेजारची दोन घरं मोजली आणि परत आल्यावर प्लॅन जोडले. मधल्या सामाईक भिंतीची जाडी उणे अकरा सेंटीमीटर भरली! दोन्ही कुटुंबं एकमेकांच्या घरात घुसलेली. हसून पुरेवाट झाली, पण दोष माझा होता. घरात शिरण्याआधी बाहेरून गल्लीची एक सलग रेषा मोजायची असते, सगळ्या दारांचे कोपरे तिला बांधायचे असतात. ते काम मी त्यांना दिलंच नव्हतं.

म्हणून पहिल्या सकाळी चारही तुकड्या मिळून फक्त गल्ली मोजा. टेप एका टोकाला शून्यावर धरून ठेवा आणि पुढची सगळी मापं त्याच शून्यापासून वाचा. प्रत्येक तुकडा वेगळा मोजून बेरीज केली की चूक वाढत जाते. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं दोन्ही बाजूंच्या भिंतींवर एक समान पातळी घ्या. भिंतीवर खडू ओढू नका, चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि जाताना काढा. उंची मोजताना दगडांचे थर मोजा, दहा थर एकदा नीट मोजले की वरचं पुष्कळसं काम डोळ्यांनी होतं. कोरीवकाम सगळं काढत बसू नका. एका झरोक्याचा एक घटक १:५ मध्ये, बाकी रेषा. तो घटक काढताना सांध्यांकडे लक्ष द्यायला सांगा: जुन्या कामात पुष्कळ ठिकाणी चुना-गारा न वापरता दगड दगडात अडकवलेले आणि लोखंडी पट्ट्यांनी धरलेले आहेत. हे काम सिलावट कारागिरांचं. आजही शहरात दगड घडवणारे आहेत, त्यांच्या समोर एक तास बसवा.

सगळ्यांत जास्त वेळ सेक्शनला, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसणाऱ्या रेखाटनाला द्या, तोही नुसत्या घराचा नको. समोरचं घर, गल्ली, ओटा, दार, चौक, मागची खोली, गच्ची, असा एक सलग. जुन्या छतांमध्ये जवळजवळ ठेवलेल्या लाकडी तुळया, वर गवत-बोरूची चटई आणि त्यावर मातीचा जाड थर असतो. ही जाडी प्लॅनमध्ये दिसतच नाही. छतावर आठ जणांनी एका कोपऱ्यात घोळका करून उभं राहायचं नाही, हे पहिल्याच दिवशी दमात सांगा.

हवेल्यांबद्दल थोडंच. पटवा या व्यापारी घराण्याच्या पाच हवेल्यांच्या समूहाचं काम १८०५ मध्ये सुरू झालं आणि पुढे काही दशकं चाललं. सालिम सिंहची हवेली १८१५ च्या आसपासची, खालून अरुंद आणि माथ्याशी पसरलेली. नथमलची १८८५ ची. ही शेवटची मुलांना फार आवडते, कारण दोन भावांनी अर्धी अर्धी घडवली आणि दोन्ही बाजू सारख्या वाटतात पण नाहीत. अर्धा तास देऊन फरक शोधायला लावा, डोळे तयार होतात. पण एक सांगून ठेवते. तिथल्या प्रत्येक जाळीखाली ‘वायुवीजनासाठी’ असं लिहिण्याची मुलांना सवय लागते, ती मोडा. कोरीव भिंत दिवसा स्वतःच्याच सावलीत राहते हे खरंच आहे. तरी एवढा खर्च पटव्यांनी उन्हासाठी केला नव्हता. काफिल्यांच्या व्यापारातून आलेला पैसा होता आणि तो दिसावा अशी इच्छा होती. पुढे मुंबई बंदराकडे व्यापार वळला आणि हे शहर मागे पडलं. ते मागे पडलं म्हणून आज आपल्याला मोजायला शिल्लक आहे, हेही मुलांना कळू द्या. एका घरातल्या माजीसांना, म्हणजे वडीलधाऱ्या बाईंना, आमच्या विद्यार्थिनीनं जाळीचा उपयोग विचारला. त्या म्हणाल्या, “कोण आलंय ते बघते, दार उघडायचं की नाही ते ठरवते.” शीटवर तेच लिहिलं गेलं.

पाणी. त्या ज्युरीनंतर मी ते कधी विसरले नाही. वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी पाऊस. गडीसर तलाव चौदाव्या शतकात महारावळ गडसींनी बांधून घेतला आणि नळ येईपर्यंत शहराची तहान मुख्यतः त्यानंच भागवली. बायकांनी डोक्यावरून आणलेल्या घड्यांचा रस्ता गडीसरपासून तुमच्या गल्लीपर्यंत मुलांना चालायला लावा, पावलं मोजत, चढासकट. मग घरातली पाण्याचे घडे ठेवायची घडवंची कुठे आहे, ती तिथेच का, तिथे वारा कुठून लागतो, हे प्रश्न आपोआप येतात.

आणि मग किल्ल्यावर परत जा. ११५६ मध्ये रावळ जैसलनं लोद्रव्याहून राजधानी हलवली ती या त्रिकूट टेकडीवर. टेकडी सुमारे ७५ मीटर उंच, ९९ बुरूज, २०१३ पासून राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत. गाइड हे सगळं सांगतो. तो सहसा सांगत नाही ते हे: टेकडी मऊ, थराथरांच्या गाळाच्या खडकाची आहे, आणि किल्ल्यात आजही माणसं राहतात. घड्यांनी पाणी येत होतं तोवर सांडपाणी नगण्य होतं. पावसाचं पाणी चारी बाजूंना बाहेर काढायला घूट नाल्या होत्या. नळ आले, न्हाणीघरं आली, हॉटेलं आली, आणि पाणी टेकडीत मुरू लागलं. बुरूज ढासळले, माणसंही दगावली. जुन्या वास्तू जपण्यासाठी काम करणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं धोक्यातल्या वास्तूंची पहिली यादी १९९६ मध्ये काढली, तिच्यात हा किल्ला होता. हवामानाला अनुरूप म्हणून ज्याचं कौतुक करायला आपण जातो त्या वास्तूला धोका उन्हाचा नाही, पाण्याचा आहे. मुलांना कोरडे दगड आणि ओले डाग यांचा एक नकाशा करायला द्या: कुठल्या भिंतीच्या पायाशी ओल, कुठे पांढरा क्षार, कुठला पाइप फुटका.

यावरूनच मुक्कामाचा मुद्दा. किल्ल्यातल्या हॉटेलात राहू नका, कितीही सुंदर दृश्य दिसत असलं तरी. तुम्ही ३४ जण, माणशी १०० लिटर धरले तरी रोज ३४०० लिटर पाणी त्या टेकडीवर सांडणार. खाली शहरात राहा.

पाचव्या दिवशी बाहेर पडाल तेव्हा कुलधऱ्याच्या भुताच्या गोष्टी बसमध्येच संपवा. पालीवाल ब्राह्मणांनी सोडलेलं हे गाव नगररचनेसाठी बघण्याजोगं आहेच, पण त्याहून मोलाची आहे त्यांची खडीन. उतारावरून वाहून येणारं पाणी मातीच्या लांब बांधाने अडवायचं, ते जमिनीत जिरू द्यायचं आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा. डिसेंबरात चालू खडिनीत हिरवं पीक उभं दिसतं, आणि वाळवंट म्हणजे पिवळं एवढंच डोक्यात घेऊन आलेली पोरं गप्प होतात. इथे डिसेंबर तुमच्या बाजूनं आहे.

नवी इमारत म्हणून कनोई गावातली राजकुमारी रत्नावती मुलींची शाळा घ्या. न्यूयॉर्कच्या डायना केलॉग यांची रचना, २०२१ मध्ये सुरू झालेली, स्थानिक पिवळ्या दगडाची, लंबगोल. आधी परवानगी काढा, ती चालती शाळा आहे, पर्यटनस्थळ नव्हे. माझं मत विचाराल तर जाळीची भिंत आणि चौक छान जमलेत. पण मुलांना आवडलं का ते विचारू नका. लंबगोलाच्या कुठल्या भागावर जूनमध्ये किती वाजता ऊन येईल ते काढायला लावा. ओळंबा हातात आहेच. येताना रस्त्यावरची काँक्रीट सांगाड्याला पिवळ्या दगडाचा पातळ मुलामा दिलेली हॉटेलंही दाखवा. झरोका तिथेही असतो, त्याच्यामागे एसीचं यंत्र असतं.

किरकोळ गोष्टी पटकन. कॉलेजचं पत्र हिंदीत करून घ्या आणि प्रत्येक तुकडीच्या प्रमुखाकडे प्रत द्या. घरात शिरताना आधी वयस्क माणसाशी बोला, आतल्या खोल्यांत मुलींनाच पाठवा, स्वयंपाकघर आणि देवघर मोजायचं की नाही ते घरच्यांनी ठरवायचं. ड्रोन नेऊ नका, सीमेवरचा जिल्हा आहे, परवान्याशिवाय उडवलात तर टूर पोलीस ठाण्यात संपेल. पहाटे थंडी बोचरी असते, ग्राफाइट धरायला बोटं वळत नाहीत, बोटं उघडी राहतील असे हातमोजे न्यायला सांगा.

आता त्या मोकळ्या सहाव्या दिवसाचं. पाचव्या रात्री चारही तुकड्यांनी प्लॅन आणि सेक्शन पेन्सिलीत पूर्ण करायचे, खडबडीत चालतील. सामाईक भिंतींची जाडी तिथेच तपासा. सहाव्या सकाळी प्रत्येक तुकडीनं आपापल्या घरी जाऊन ती शीट घरच्यांपुढे पसरायची. आमच्या एका तुकडीनं असं केलं तेव्हा घरातल्या आजोबांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि जिन्यावर बोट ठेवलं. जिना उलटा वळवला होता. मग त्यांनी मागच्या खोलीवर बोट ठेवलं आणि सांगितलं की इथे आधी भिंत नव्हती, धाकट्या भावाची वाटणी झाली तेव्हा घातली. ती भिंत आम्ही तीन दिवस मोजली होती आणि मूळचीच धरली होती. दुरुस्त केलेल्या शीटची एक स्वच्छ प्रत टपालानं त्यांना पाठवायची, हेही कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा, नाहीतर परत आल्यावर सबमिशनच्या गडबडीत राहून जातं.